बिनउताराची न्हाणी

रोह्याशेजारच्या वरसे गावातल्या आमच्या घराला न्हाणी नव्हती. हे मी कॉलेजात कधी कुणाला सांगितलं नाही. घर म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे आधीच्या मालकाने बांधलेला संडास. आंघोळ मागच्या दारी एका फरशीवर, चार बांबूंना गोणपाट गुंडाळून केलेल्या आडोशात. आम्ही मूळचे पेणच्या खाडीकडचे. बाबा मिठागरात काम करायचे, आईही, आणि शाळा सुटल्यावर माझी ताईही. पुढे मालकाने मिठागर बंद केलं. बाबांना रोह्याजवळ एका कंपनीत कंत्राटी काम मिळालं आणि आम्ही इकडे आलो. खाडीकडच्या घरालाही न्हाणी नव्हतीच, म्हणून ती नसल्याचं इथेही कुणाला काही वाटलं नाही.

वाटायला लागलं ते ताईमुळे. तिचं लग्न पलीकडच्या अष्टमी गावात झालं. नदीवरचा पूल ओलांडला की तिचं घर. खाली दुकान, वर राहायची जागा, आणि वर टाइल्स लावलेलं बाथरूम. लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा आंघोळीला जाताना ती आडोशापाशी थांबली, गोणपाटाचं एक भोक बोटाने दाबून बघितलं आणि आत गेली. ते मी बघितलं. आईने बघितलं की नाही, माहीत नाही.

मग ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्यातली रीत. आईने त्याची तयारी मनातल्या मनात फार आधीपासून केलेली होती. लेकीला आपल्या हाताने तेल लावायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, नातवंडाला पसरलेल्या पायांवर आडवं घेऊन त्याच्यावर तांब्याने धार धरायची, मग खाटेखाली शेगडी ठेवून दोघांना शेक द्यायचा. आईला जगाकडून दुसरं काही नको होतं. दागिना नको, देवदर्शन नको. हे एवढंच.

ताईच्या सासूबाई गोड बोलणाऱ्या. पेढे घेऊन आल्या तेव्हा मागच्या दारी गेल्या, परत येऊन पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "पाठवते की, विहीणबाई. तुमचा मानच आहे तो. पण ओली बाळंतीण त्या गोणपाटात न्हाणार का? वारा लागला म्हणजे? आत एक न्हाणी करून घ्या. सातव्यात तुमच्याकडेच ओटी भरू, तेव्हापासूनच ठेवून घ्या तिला."

त्यांचं काही चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. त्या गेल्यावर मला राग आला होता, पण तो कशाचा हे मला नीट सांगता आलं नसतं.

बाबा म्हणाले, "करू. गवंडी कशाला पायजे? माजे हात गेले काय?"

मागच्या खोलीचा एक कोपरा ठरला. बाबांची सकाळची शिफ्ट सुटली की दुपारनंतर काम, आणि सुट्टीच्या दिवशी दिवसभर. मी कॉलेजातून आले की ड्रेस बदलून घमेलं उचलायचे. आई विटा भिजवायची. मला सिमेंट आणि रेती कोरडी कालवायला, मधे खळगा करून पाणी ओतायला यायला लागलं. बोटांची टोकं फाटली. वर्गात पेन धरताना झोंबायचं. बाकावरच्या मुलीने विचारलं, "हाताला काय झालं गं?" मी म्हटलं, "भांड्यांची पावडर सोसत नाही मला." अर्थशास्त्राच्या तासाला तेव्हा पायाभूत सुविधांचा धडा चालू होता. सर शिकवत होते, मी लिहून घेत होते, आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं, की घरी गेल्यावर पहिल्या थराच्या विटांवर पाणी मारायचं आहे.

दार बाबांनी खांब गावाहून आणलं. हायवेवरचं एक जुनं हॉटेल पाडत होते, तिथलं. ओळखीच्या टेम्पोतून आलं. उतरवल्यावर दिसलं, की त्यावर मोठ्या अक्षरांत 'पुरुष' लिहिलंय. आई पदराने तोंड झाकून हसायला लागली. "अवो, आता मी कुटं जाऊ आंगोलीला?" बाबांनी हिरव्या रंगाचे दोन हात मारले, तरी अक्षरं रंगाखालून दिसत राहिली. त्या दिवशी आम्ही तिघंही खूप हसलो. त्या कामात आनंदाचे दिवसही होते, हे मी नाकारत नाही.

भिंती उभ्या राहिल्या. थोड्या वेड्यावाकड्या होत्या, पण गिलाव्याने झाकल्या. मग आला कोबा, म्हणजे न्हाणीची सिमेंटची जमीन. बाबा ह्याचीच वाट बघत होते.

इथे मिठागराचं थोडं सांगावं लागेल. खारं पाणी ज्या वाफ्यांत सुकवतात, त्यांची जमीन आधी पायांनी तुडवून, चोपून अगदी सपाट करतात. जरा उतार राहिला तर पाणी एका बाजूला पळतं, एकीकडे चिखल वर येतो आणि दुसरीकडे मीठ धरत नाही. बाबांचा वाफा आमच्याकडे प्रसिद्ध होता. मुकादम दुसऱ्यांना आणून दाखवायचा. बाबा माणसांनाही त्याच मापाने मोजायचे. एखाद्याची नियत ठीक नसली की म्हणायचे, "त्याच्या वाफ्याला उतार हाय." घरात उतार हा शब्द शिवीसारखाच होता.

कोबा घालताना बाबांनी कुणाला आत येऊ दिलं नाही. मी दारातून माल पुढे करायचे. कोपऱ्यात नहाणी ट्रॅप बसवला होता, पाणी जायची जाळी. तिच्यापासून सुरुवात करून ते उकिडवे बसून मागे मागे सरकत आले. थापीने ओढायचे, मग थापी ठेवून तळव्याने. तळवा फिरताना डोळे मिटायचे. दाराशी त्यांनी बोटभर उंचीचा बांध घातला, पाणी खोलीत येऊ नये म्हणून. कोबा वाळून पक्का झाला, त्यावर पाणी मारायचे दिवस संपले, तेव्हा त्यांनी आम्हाला बोलावलं. तांब्याभर पाणी मधोमध ओतलं. पाणी पसरलं आणि थांबलं. चारी भिंतींना एकदम, सारखं टेकलं.

"बग," बाबा म्हणाले. "हाय कुटं कमीजास्त?"

नव्हतं. पत्र्यात बसवलेल्या काचेतून पडणारा उजेड त्यात जसाच्या तसा दिसत होता. आईने नारळ फोडला. मी खरंच मनापासून म्हटलं, "बाबा, किती सुंदर झालंय." माझ्या वर्गातल्या कुणाच्या वडिलांना असं काही करता येत नसेल, असंही मला वाटलं. आम्हा तिघांपैकी कुणीही तोवर स्वतःच्या घरातल्या न्हाणीत कधी आंघोळ केलेली नव्हती. पाणी आडोशातल्या फरशीवरून आपोआप मातीत जायचं. न्हाणीतल्या पाण्याने पुढे काय करायचं असतं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली आंघोळ आईची. बंब तापवला, हळदीकुंकू वाहिलं, आई आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. मग आतूनच तिची हाक आली, "गो, झारू दे."

कोबा आवळून किंचित खाली बसला होता आणि जाळीचं तोंड नखभर वर राहिलं होतं. साबणाचं पाणी घोट्याखाली साचून उभं होतं. बांधामुळे दारातून जात नव्हतं, जाळीकडे जायला त्याला काही कारण नव्हतं. आईने झाडूने लोटून लोटून ते घालवलं. बाहेर आली तेव्हा घामाघूम झाली होती, आंघोळ करून.

"छान झाली न्हानी," ती बाबांना म्हणाली.

आठवडाभर झाडू आत खुंटीला राहिला. जो न्हाईल त्याने लोटायचं. कोपऱ्यात शेवाळ धरायला लागलं. आई ते राखेने घासायची. शेजारच्या काकू एकदा हळद मागायला आल्या आणि आत डोकावल्या.

"अगंबाई, उतार नाही ठेवलात?"

बाबा पडवीत विडी ओढत होते. "उतार? उतार कशाला? घर हाय का घसरगुंडी?"

"अहो, पाणी जायला नको?"

"जातं की."

"झाडूने लोटल्यावर देशावरसुद्धा जाईल हो," काकू हसल्या आणि वाटी घेऊन गेल्या.

बाबांची विडी विझली तरी हातात होती. मग उठून आत गेले, एक तांब्या पाणी ओतलं, आणि उभं राहून बघत राहिले. मी दाराशी होते. मला वाटलं, आता रागावतील. ते हळूच म्हणाले, "सारखं हाय, म्हनूनच जात नाय व्हय हे?"

"हो, बाबा."

"मंग सांगायचंस ना."

"मलाही माहीत नव्हतं."

"कालेजात जातेस ना?" हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत, खरंच विचारत होते.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी छिन्नी-हातोडा घेतला. जाळीभोवतीचा कोबा फोडला, मग निम्मी जमीन फोडली. प्रत्येक घावाला आई स्वयंपाकघरात "हळू, हळू" म्हणत होती, जसं काही कुणाला लागत होतं. जाळी खाली बसवली. मी माल कालवून दिला. बाबांनी थापीने दारापासून जाळीकडे उतार ओढला. चांगला आला होता. मी म्हटलं, "बास बाबा, आता हात लावू नका."

ते मागे सरकले, बघितलं. आणि मग त्यांचा तळवा पुढे आला. जिथे खोल होतं तिथे त्याने माल भरला, जिथे उंच होतं तिथून काढला.

"बाबा, परत सपाट होतंय."

"नाय, नाय. जरा वंगाल दिसतंय, तेवडंच." त्यांनी थापी घेऊन पुन्हा उतार दिला. पुन्हा तळवा फिरला. असं किती वेळ चाललं, सांगता येणार नाही. शेवटी त्यांनी हात मागे घेतले आणि दोन्ही मुठी काखेत दाबून बसले. माल घट्ट व्हायला लागला होता. "तू कर," ते म्हणाले. मी थापी घेतली. मला येत नव्हतं. जो उतार मी दिला तो मधे खोलगट झाला, ताटासारखा. आता पाणी सगळीकडे सारखं थांबण्याऐवजी न्हाणीच्या मधोमध साचायला लागलं, बरोबर जिथे माणूस न्हायला बसतं तिथे.

पुन्हा फोडायला वेळ नव्हता. ओटीचा दिवस ठरला होता. गवंडी बोलवायचं आईने एकदा सुचवलं, तेव्हा बाबा म्हणाले, "लोकांना दाखवाचंय काय?" मला तेव्हा बाबांची कीव आली होती. आता येते ती चीड. एका परक्या माणसाने आपला कोबा बघू नये म्हणून त्यांनी आईचं एवढं एकच मागणं टांगणीला लावलं. पण हे मी त्यांना कधी म्हटलं नाही आणि आता म्हणून उपयोगही नाही.

ओटीच्या दिवशी आईने सकाळी आम्हाला कुणालाच न्हाणीत जाऊ दिलं नाही. आम्ही परत त्या गोणपाटात न्हालो. न्हाणी तिने फडक्याने कोरडी टिपून घेतली, कोपऱ्यात रांगोळीची दोन बोटं ओढली, बादली भरून ठेवली. पाय धुवायला पाणी तिने पुढच्या पायरीवर ठेवलं होतं, मुद्दाम, मोठ्या तांब्यात.

सासूबाई आणि ताई रिक्षातून उतरल्या. आई तांब्या घेऊन पुढे झाली. सासूबाई म्हणाल्या, "इथे कशाला? आता न्हाणी झालीय ना! आतच धुते." आणि सरळ आत गेल्या. हिरव्या दारावरची अक्षरं वाचून ताईला खुदकन हसू आलं. सासूबाईंनी बादलीतून दोन तांबे पायांवर ओतले. पाणी खाली आलं, पसरलं, परत फिरलं आणि त्यांच्या पायांभोवती उभं राहिलं. त्यांनी साडी जरा वर उचलली. जाळीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"मोठी केलीत हो. ऐसपैस आहे," एवढंच म्हणाल्या.

आई झाडू घेऊन पुढे गेली. "नवी हाय ना, जरा थांबतं पानी. आता जाईल." आणि लोटायला लागली, नव्या साडीतच, विहिणीच्या पायाशी वाकून.

"असू द्या, असू द्या," सासूबाई बाजूला झाल्या.

ओटी भरली. बायका गाणी म्हणून, जेवून गेल्या. निघायची वेळ झाली तेव्हा सासूबाई ताईला म्हणाल्या, "तुझी पिशवी आणलीय मी. राहायचं तर राहा हो. मी अडवणार नाही. तुझ्या आईची हौस आहे." त्या खरंच अडवत नव्हत्या. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघत होते, काही खोट दिसते का म्हणून. दिसली नाही.

ताई खाली बघत होती. मग म्हणाली, "आई, मी तिकडंच बरी."

लग्नाआधी ती आईला 'आये' म्हणायची. आई हातातला नारळ तसाच धरून उभी राहिली. "काय गो? काय कमी पडलं?"

"कमी काय नाय. मला तिकडं सवय झालीय."

मी तिला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. मला वाटलं, मी तिला समजावू शकेन. मी म्हटलं, "ताई, आई किती दिवस वाट बघतेय. पाणी मी लोटीन. तू नुसती बस."

ती न्हाणीच्या दाराकडे बघत होती. आतलं पाणी अजून पुरतं गेलं नव्हतं.

"तुला नाय कळायचं," ती म्हणाली. "तू शालेत होतीस. मी ह्यात उभी ऱ्हायलेय, गो. घोट्यापर्यंत पानी, नि हातात फावडं. पायाच्या भेगांत मीठ जायचं तर रडू यायचं, नि बाबा म्हनायचे, चल, सूर्य चाललाय. बाबांनी घरात वाफाच केलाय. मी नाय परत उभी ऱ्हानार. पोर घेऊन तर नायच."

ताईची शाळा सातवीत सुटली होती. माझी सुटली नाही, कारण तिने टोपल्या उचलल्या. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. मी तिचा हात सोडला.

बाहेर आलो तर बाबा पडवीत नव्हते. मधली भिंत पातळ. त्यांनी ऐकलं असणार. रिक्षा गेली तेव्हा ते नळावर घमेलं धूत होते, जे कित्येक दिवस वापरलंच नव्हतं.

ताई अष्टमीतच बाळंत झाली. मुलगा झाला. त्यांच्या दुकानातल्या फोनवरून निरोप आला. ताईला दवाखान्यातून घरी आणून काही दिवस झाल्यावर आई डिंकाचे लाडू, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी आणि घरचं खोबरेल घेऊन निघाली, मी तिच्याबरोबर. पोचलो तेव्हा न्हाऊ घालायला पगारी बाई आलेली होती. सासूबाईंनी आईला खुर्ची दिली, पंखा लावला, चहा दिला. बाथरूमचं दार बंद होतं. आतून बाळाचं रडणं आणि पाणी पडल्याचा आवाज येत होता. आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. तेलाची बाटली तिच्या मांडीवर होती.

"मी घालू का आज?" तिने एकदा विचारलं.

"छे, छे, तुम्ही पाहुण्या. बसा निवांत," सासूबाई म्हणाल्या. "ती बाई रोजची आहे, बाळाला तिच्या हाताची सवय झाली आता."

"शेक देता ना?"

"डॉक्टर नको म्हणाले हो."

बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर आलं. आधी सासूबाईंकडे, मग आईकडे. आईने त्याची टाळू हुंगली. शाम्पूचा वास होता. तिने त्याला बराच वेळ तसंच धरलं. मग ताईने हात पुढे केले आणि तिने दिलं.

परत येताना पुलावर आई एकच वाक्य बोलली. "पानी कडत व्हतं का नाय, कोनास ठावं."

घरी बाबांनी विचारलं, "पोर कसं हाय?"

"तुमीच बगा जाऊन," आई म्हणाली, आणि तेलाची बाटली होती तिथे ठेवून चूल पेटवायला गेली.

बाबा गेले नाहीत. कधी शिफ्ट, कधी पाय दुखतो. शेवटी बारशाला जावंच लागलं. रिक्षा नको म्हणाले, आम्ही तिघं अष्टमीपर्यंत चालत गेलो. वाटेत कुठे रस्त्याचं काम चाललं होतं, सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत लाल मातीने भरले. जिना चढून वर गेल्यावर ताईच्या सासऱ्यांनी हात धरून बाबांना आत घेतलं. "या, या. आधी हातपाय धुऊन घ्या, मग बसू. बाथरूम इकडे आहे."

बाबा दारातच थांबले. चपला काढल्या. पाय एकमेकांवर घासले.

"नको," ते म्हणाले. "घरूनच धुऊन आलोय."